घशातली कोय

आमच्या अण्णांचा उजवा हात लोह्याच्या आसपासच्या सात-आठ गावांत प्रसिद्ध आहे. म्हशीच्या घशात काही अडकलं की लोक डॉक्टरच्या आधी माझ्या वडिलांना बोलावतात. ते बाही खांद्यापर्यंत सारतात, कोपरापर्यंत तेल चोपडतात आणि जनावराच्या तोंडातून अडकलेली वस्तू काढून आणतात. आंब्याच्या कोया, मक्याची कणसं, एकदा तर लग्नातली स्टीलची वाटी. ती वाटी घासून पुन्हा पंगतीला घेतली, हे अण्णा फार चवीनं सांगतात.

मी लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. विषाणूंचा धडा इतक्यांदा घेतलाय की झोपेतही घेईन. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीसारखा काढायचा, शेजारी लक्षणं लिहायची: लाळ गळणं, गिळता न येणं, आवाज घोगरा होणं. पोरं उतरवून घेतात, मी हातावरचा खडू झटकते आणि पान उलटते.

गेल्या मे महिन्यात सुट्टीला गावी गेले, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचे काका दारात हजर. "अण्णा, चला की. म्हस कालपासून चारा खाईना, लई लाळ गाळून राहिली. कोय अडकली वाटतं."

आंब्याचे दिवस, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. मीही हौसेनं मागे गेले. म्हैस मान ताणून उभी होती, तोंडातून लाळेच्या तारा, ओरडायला गेली तर आवाज फाटका. आणि क्लासच्या बाईंनी काय केलं? अण्णांना नीट हात घालता यावा म्हणून तिची जीभ बाजूला ओढून धरली. फळ्यावरची तिन्ही लक्षणं चार पायांवर समोर उभी होती आणि मला त्यांची ओळख पटली नाही.

"कोय न्हाई," अण्णा हात बाहेर काढत म्हणाले. मनगटावर दाढेचा ओरखडा उठला होता, तो त्यांनी धोतराला पुसला.

संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले ते गोठ्याच्या दारातच थांबले. "हिला कुत्रं चावलं होतं का?"

"शिमग्याच्या टायमाला एक कुत्रं शिरलं होतं," काका म्हणाले, "पण म्या हाकललं की."

"तोंडात हात कोणी घातला?"

काकांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी माझ्याकडे.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ हात धुवायला लावले आणि लगेच दवाखाना गाठायला सांगितलं. अण्णा काही जागचे हलेनात. पोटात चौदा सुया घ्यायला आपण काय वेडे आहोत का, एवढ्या म्हशी झाल्या, कधी ताप तरी आला का, असं त्यांचं सुरू झालं. सुया आता दंडात देतात, त्याही पाचच, हे सांगून मी थकले. शेवटी ओरडलेच, "अण्णा, एकदा लक्षणं दिसली की मग जगात औषध नाही!"

"तुला म्हाईत होतं न्हवं हे समदं?" ते शांतपणे म्हणाले. "मग जीभ कशाला धरलीस?"

भर अंगणात मी लहान पोरीसारखी रडले. अण्णांनी खुंटीवरची टोपी घेतली. "चल माय. पण आधी तू घे, मी बघतो."

तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. सुयांच्या तारखा सुरू झाल्या. सुई टोचताना अण्णा डोळे गच्च मिटायचे आणि बाहेर पडलं की भज्यांच्या गाड्यापाशी गाडी थांबवायला लावायचे. शेवटची सुई त्यांनी लोह्यात घेतली, मी लातुरात. पण माझी भीती काही संपली नाही. या रोगात माणसाला पाणी गिळता येत नाही, म्हणून मी रोज सकाळी फोन करायचे आणि अण्णांना तांब्याभर पाणी प्यायला लावायचे. घटघट आवाज ऐकू आला की माझा दिवस सुरू. ते म्हणायचे, "पोरगी येडी हाय," आणि प्यायचे.

पावसाळा सरला, तशी मीच हळूहळू थांबले. अण्णांनाही बोलावणी येऊ लागली. आता ते आधी दारातूनच विचारतात, "कुत्रं चावलं का?" आणि तोवर हात बंडीच्या खिशात.

दिवाळीनंतर एके सकाळी मला फोन करायचं राहून गेलेलं, किंबहुना महिनाभर राहिलेलं. वर्गावर निघाले होते, तेवढ्यात अण्णांचाच फोन आला. एरवी ते फोन करतच नाहीत. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "तू तिकडं एकटी असतीस. जरा पाणी पी बरं माय. मला ऐकू दे."