भूत येण्याआधी उस्तरा वर

महाल भागातल्या आमच्या सलूनवाल्याने आता काम सोडलं आहे, म्हणून खरं काय ते लिहितो.

त्याच्या दुकानात दिवसभर जुने, स्वस्तातले भुताचे पिक्चर चालायचे. वटवाघळाचा दोरा स्पष्ट दिसायचा. तरी भूत यायच्या बेतात असलं की तो गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा उस्तरा उचलायचा आणि भूत जाईपर्यंत हात पाठीमागे धरून उभा राहायचा. हा या वयातही भुताला घाबरतो, असं मीच गल्लीभर सांगितलं होतं.

एका दुपारी दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "नवीन पिक्चर लाव की. त्यातली भुतं खरी वाटतात."

"नाही जमत, काकाजी. नवीन भूत एकदम येते. हे बिचारं आधी धूर सोडते, दार वाजवते, कुत्रं रडवते. तेवढ्यात मले हात बाजूले घेता येते."

त्याने हात पुढे केला. तो थरथरत होता.

"भुताच्या निमित्तानं जरा आराम भेटला का थांबते. पण लोकायले समजलं, तर दाढीले कोण येईन?"

पुढच्या रविवारी दुकान भरलं होतं आणि मी खुर्चीत होतो. पडद्यावर नायक-नायिका बागेत गात होते. तेवढ्यात त्याचा हात कापला आणि त्याने उस्तरा उचलला. बाकावरचे सगळे त्याच्याकडे पाहू लागले. मी खुर्चीत जोरात दचकलो.

"काय झालं, काकाजी?"

"झाडामागे काहीतरी हललं."

"गाण्यातही भूत दिसून राहिलं का तुमाले?" एकाने विचारलं, आणि सगळे मला हसले.

त्याने माझ्या गळ्याभोवतीचा टॉवेल सारखा केला, आणि आम्ही दोघं गाणं संपेपर्यंत थांबलो.