दार बंद होणारी सीट

मंडळी, आज सकाळी आमच्या अवसरी गावात आईसाठी विमानाची बिझनेस क्लासची तिकिटं बघत व्हतो. ती ताईच्या बाळंतपणाला न्यूयॉर्कला निघालीय. लंडनपर्यंत मी सोबत आहे. मला अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही, त्यामुळं पुढं अटलांटिकवर आठ तास ती एकटीच.

मागच्या वर्षी तिच्या पायात रक्ताची गाठ झाली व्हती. डॉक्टर म्हणाले, आडवं होता येईल अशीच सीट घ्या.

एका विमान कंपनीच्या सीटला खोलीसारखं दार व्हतं. मला लई आवडली. फोटो बघून आई म्हणाली, “दार लावल्यावर मला काय झालं, तर कुणाला कळंल रं?”

मी ती सोडली. दुसऱ्या कंपनीची बिनदाराची, पण आडवं होता येईल अशी सीट घेतली.

मग तिनं विचारलं, “शेजारी बाईमाणूसच असंल ना?”

तिकिटावर तसलं काय लिहिलेलं नसतं. तुमची आई अशी एकटी गेलीय का? तिला काय सांगून पाठवलंत?