रणगाड्यामागची खंडेनवमी

धायरीच्या मंडईत पालेभाजी घेऊन बसणारी नंदाबाई पोकळे भर उन्हाळ्यातही पाण्याची बाटली उघडत नाही. तहान लागते, पण पाणी प्यायलं की जायचं कुठं? मंडईत बायकांसाठी आडोसा नाही. पुरुषांना कुठलीही भिंत पुरते. बायकांनी अंधार पडेपर्यंत ओटीपोट आवळून बसायचं. शेजारी लिंबू-मिरची विकणारी जिनत मूतखड्याने दोनदा आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. सांगायला त्यांचं काय जातंय!

इथले खासदार मोठे गृहस्थ. दिल्लीत संरक्षणाच्या समितीवर बसतात. तेव्हापासून त्यांना सीमेच्या अलीकडचं काही दिसेनासं झालं. खड्ड्याचं विचारावं तर सीमेवर बोलतात, कचऱ्याचं विचारावं तर पाणबुडीवर. एकदा बर्फात जाऊन जाड कोटातला फोटो काढून आले. तो ऐन वैशाखात सिंहगड रस्त्यावर टांगला होता. बघणाऱ्यालाच घाम फुटायचा.

ते मंडईत हात जोडत आले तेव्हा नंदाबाईने वाट अडवली. "साहेब, बायकांसाठी संडास बांधून द्या. तो कोपरा मोकळाच पडलाय."

"मावशी," खासदार गंभीर झाले, "उणे चाळीस अंशांत आपले जवान उभे आहेत. जरा त्यांचा विचार करा."

"रोजच करते की. माझा माधव तिथंच हाय. त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, आई, आमच्या चौकीला संडास हाय."

मागच्या कार्यकर्त्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. खासदार "करू, करू" म्हणत पुढे सरकले. पण आठवड्यात त्यांचे उजवे हात तात्याराव येऊन कोपरा मोजून गेले. गणपती गेले आणि चौथरा बांधून झाला. बायका हरखल्या. दारं कुठल्या बाजूला हवीत यावर त्यांचं भांडणसुद्धा झालं.

मग एका सकाळी क्रेन आली आणि चौथऱ्यावर रणगाडा ठेवून गेली. फौजेतून निवृत्त झालेला, हिरवा रंग मारून चकचकीत केलेला. वर पाटी: शौर्यस्थळ.

"संडासच्या जागी?" जिनतला खरंच वाटेना.

"असू दे गं," नंदाबाई म्हणाली. "आता शत्रू आला तरी धायरीच्या मेथीला धक्का लागायचा न्हाई."

उद्घाटन खंडेनवमीचं ठरलं. शस्त्रपूजेचा दिवस, रणगाड्याची पूजा, दिल्लीहून पाहुणे. त्या पाहुण्यांसाठी तात्यारावांनी फिरतं शौचालय मागवलं. चाकांवरचं, आत आरसा, नळाला पाणी. बाहेर कुलूप. नंदाबाई किल्ली मागायला गेली.

"निमंत्रितांसाठी आहे ते," तात्याराव घड्याळ बघत म्हणाले. "संध्याकाळी गाडी कर्वेनगरच्या कार्यक्रमाला जाणार आहे. तुम्ही स्टेजवर या हो. वीरमाता म्हणून सत्कार ठेवलाय तुमचा. शाल, श्रीफळ."

नंदाबाईने किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. नवरात्रात ती अनवाणी राहते ती लेकाच्या आयुष्यासाठी. "वीरमाता कुणाला म्हणतात ठाऊक हाय का? ज्याच्या आईला असं म्हणतात त्याचा फोटो भिंतीवर असतो. माझा माधव जिता हाय, तात्याराव. काल रात्री बोललाय माझ्याशी."

"तसं नव्हतं म्हणायचं…"

"तुम्हाला कसंच म्हणायचं नसतं. शाल तेवढी लांबरुंद आणा, आडोशाला धरता येईल."

ती पाठ फिरवून आली. देवीचं नाव घेतलं आणि आपल्या तराजूला हळदकुंकू लावलं. खंडेनवमीला मंडईत तराजू पूजेत असतो. उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही, सगळा माल अंदाजाने विकला जातो. हातगाड्यांना, टेम्पोंना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. फक्त त्या शौचालयाची गाडी उघडीबोडकी उभी होती, आणि तिचा ड्रायव्हर भैरू पायरीवर बसून विडी ओढत होता.

"तुमच्या गाडीची पूजा न्हाई केली?"

"हिची कोण करतंय?" भैरू कसनुसा हसला. "ही आली की लोक नाकाला रुमाल लावतात. हिच्या जवळ कुंकू न्यायचं म्हणजे बाटलं म्हणत्यात."

नंदाबाई उठली. गाडीवर पाणी शिंपडलं, हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं, माळ चढवली. जिनतने न सांगता चारही चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला तेव्हा भैरूने विडी विझवून हात जोडले. त्याचे डोळे भरले होते.

"आता उत्तरपूजा होईस्तवर हलवायची न्हाई," नंदाबाई म्हणाली.

"न्हाई हलवायचो," भैरू म्हणाला आणि शौचालयाच्या कुलपाची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

तात्याराव धावत आले. "अरे, कर्वेनगरला लोक थांबलेत!"

"पूजेतली गाडी हाय, साहेब. मला पोरंबाळं हायेत. तुम्ही चालवता का?"

तात्यारावांनी चाकाखालच्या लिंबाकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. स्टेजवर खासदार माइक धरून सांगत होते, की आयुधांचा मान राखणारी आपली संस्कृती आहे. तात्यारावांनी कानात निरोप दिला. समोर कॅमेरे होते, आणि कॅमेऱ्यांच्या मागे हळदकुंकवाने माखलेली ती गाडी. खासदारांनी माइकवर हात ठेवला. "राहू द्या, राहू द्या. श्रद्धेचा विषय आहे."

एवढी विचारपूर्वक भूमिका त्यांनी संसदेतही कधी मांडली नसेल.

पहिल्यांदा जिनत आत गेली. बाहेर आली ती थेट बाटली तोंडाला लावूनच.

दसरा झाला, दिवाळीही आली. तात्याराव दर आठवड्याला येऊन विचारतात, "मावशी, उत्तरपूजा?" नंदाबाई म्हणते, "बांधकामाची पहिली वीट येऊ द्या, लगेच उरकते. तोवर मुहूर्त लागत न्हाई."

वीट आली नाही. आला तो फ्लेक्स. 'मा. खासदारांच्या अथक प्रयत्नांतून माता-भगिनींसाठी.' बर्फातला तोच जाड कोट, तेच गंभीर तोंड. कार्यकर्ते तो गाडीला बांधायला लागले, तेव्हा बायका भडकल्या. नंदाबाईने त्यांना गप्प केलं.

"लावू द्या गं," ती म्हणाली आणि पोरांकडे वळली. "फक्त साहेबांचं तोंड रस्त्याकडं करा. आत बायका असतात."