राहेलमावशीचा चष्मा

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा दर बुधवारी कुणाच्या तरी घरी असते. गोल बसायचं आणि एकीमागून एकीनं प्रार्थना करायची. खरं सांगते, बाकीच्या प्रार्थना करत असताना मी मनात माझी वाक्यं जुळवत असे. 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या'पासून शेवटपर्यंत कुठे अडखळायला नको!

परवा मी हळूच डोळे उघडले, माझ्याआधी किती जणी उरल्यात ते बघायला. शेजारी राहेलमावशी होती. तिनं चष्मा काढून पदरात गुंडाळला, घरच्या माणसाशी बोलायला बसावं तसे दुखरे पाय ऐसपैस पसरले आणि म्हणाली, "बापा, गुडघ्याचं राहू दे आज. ही मार्था आई गेल्यापासून नुसती हसत असते. हिच्याकडे बघ जरा."

मार्था म्हणजे मी.

इतकी वर्षं मी देवापुढे नीटनेटके अर्जच ठेवत आले होते. मावशी मात्र त्याच्याशी बोलत होती.

माझी पाळी आली. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "बापा," एवढंच म्हटलं आणि रडू फुटलं. मावशीनं पदर पुढे केला, चष्म्यासकट, आणि माझ्या वतीनं तीच म्हणाली, "आमेन."