तंबाखूचं पाणी

आबांना मी बंगळुरूला आणलं ते मोठ्या तोऱ्यात. निपाणीला भावाच्या घरी त्यांची खाट मागच्या बोळात गेली होती, आणि भाऊ वर सांगायचा की तिथं त्यांना वारा लागतो. मी सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं, यापुढे आमचे वडील माझ्याकडे राहतील आणि मानानं राहतील. मान कसा ठेवतात हे जणू मला एकटीलाच ठाऊक होतं.

राजाजीनगरात मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. खाली घरमालकीण अक्का. तिच्या घरचे तीन पिढ्यांपूर्वी इथं आले, मराठी आहेत, पण बोलण्यात कानडी मिसळलेलं. गच्ची आम्हा दोघींची. एका कडेला तिच्या मिरच्या, दुसऱ्या कडेला बारा पिशव्यांत माझे टोमॅटो. ऑफिसला जाता जाता पाणी घालण्यापलीकडे मी त्यांच्यासाठी काही करत नव्हते. आबा आले आणि आठ दिवसांत गच्ची त्यांची झाली.

त्यांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. पान हातात घेऊन, हुंगून, त्याची प्रत सांगायची हे त्यांचं काम. ते ज्ञान इथं कोण विचारणार? पण किडीची ओळख त्यांना पक्की होती. शेंड्याखाली पांढरा रुमाल धरायचे, दोन टिचक्या मारायचे आणि रुमालावर काय पडलं ते मला बोलावून दाखवायचे.

"हे पिवळं, लांबुळकं, सुईच्या टोकाएवढं, ते फुलकिडं. आन् पान हलवलं की भुर्रकन उडती ती पांढरी माशी. दोनीबी रसच पित्यात. पर आदी वळखायचं, मग मारायचं."

माझ्या टोमॅटोवर पांढरी माशी निघाली. आबांनी ओळखीच्या माणसाकडून बसनं तंबाखूच्या काड्या मागवल्या, बादलीत रात्रभर भिजवल्या, पाणी गाळून त्यात साबण कालवला आणि पानांच्या खालून फवारलं. बाथरूमला चार दिवस वास मारत होता. मी कुरकुर केली. पण माशी गेली हे खरं. अक्का वर येऊन म्हणाली, "अण्णा, आमच्या मिरचीला पण स्वल्प मारा की." आबांनी तिथंही मारलं. त्या दिवसांत ते जेवताना भात मागून घ्यायचे. भावाला फोनवर मी हे मुद्दाम सांगितलं.

तीन आठवड्यांनी पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आले. नवीन पानं तर दोऱ्यासारखी बारीक, वळलेली. आबा म्हणाले, फुलकिडंच आहेत, पाणी पातळ पडलं असणार. पुन्हा बादली, पुन्हा वास. रुमालावर काहीच पडत नव्हतं, हे त्यांना दिसत होतं आणि मलाही. मग मिरच्याही तशाच झाल्या.

ऑफिसातला एक सहकारी शेतकी पदवीधर आहे. त्याला मी फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं: 'ही कीड नाही, विषाणू दिसतोय. घरात कुणी तंबाखू मळतं का? तंबाखूतून तो हातावाटे टोमॅटो-मिरचीवर जातो. झाडं उपटून टाका. हात साबणाने धुवायला सांगा.'

आबा दिवसातून दहा वेळा तंबाखू मळायचे.

दुसऱ्या दिवशी रविवार. आबा गच्चीवर रुमाल झटकत होते. अक्का मिरचीचं वळलेलं पान घेऊन आली आणि विचारू लागली, "अण्णा, हे असं का झालं हो?" मला त्यांना खाली नेऊन, चहा देऊन सांगता आलं असतं. पण तो वास, ती बादली, बारा पिशव्यांची माती, सगळं डोक्यात गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला बरोबर ठरायचं होतं. मी फोन काढला आणि अक्कासमोर तो मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. वर माझ्या पदरचं जोडलं, "रुमाल कशाला झटकताय, आबा? कीड तुमच्या हातात आहे."

अक्का शहाणी. "सरी, जाऊ दे. झाडंच तर आहेत," म्हणून ती खाली निघून गेली. आबांनी माझी आणि तिची सगळी झाडं उपटली, पोत्यात भरली, खाली नेऊन ठेवली. मग गच्चीच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले. साबण निम्मा संपला.

त्यानंतर ते गच्चीत आले नाहीत. तंबाखूही सोडली. एरवी मी पेढे वाटले असते. कोथिंबिरीची जुडी निवडायला समोर ठेवली तर विचारायचे, "हात लावू का?" मी खेकसायचे, "लावा की, विचारता काय!" भात मागून घेणं बंद झालं. भावाचा फोन आला की मी आबा झोपलेत म्हणून सांगत असे.

दोन महिन्यांनी मी नवी माती भरली, पूर्वीच्याच नर्सरीतून रोपं आणली, हात धुऊन लावली. आबा जिन्याच्या दारात उभे राहून बघायचे. उंबरा ओलांडत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात पानं तशीच झाली. तेच चट्टे, तसंच दोऱ्यासारखं पान.

सहकाऱ्याला पुन्हा फोटो पाठवले. त्यानं लिहिलं, 'मग रोपांतूनच आलं असणार. पहिल्या वेळीही कदाचित तसंच असेल.'

हा मेसेज मी ऑफिसात बसून मनातल्या मनात वाचला.

सकाळी रोपं उपटायला गच्चीत गेले. तीन-चार उपटून झाल्यावर मागे पाहिलं, तर आबा दारात उभे. त्यांची नजर माझ्या हातातल्या पानावर होती. ती पानं त्यांना लांबूनही ओळखता येत होती.

"म्या हात न्हाई लावला गं," ते म्हणाले. "हितनंच बगत हुतो."

"माहीत आहे, आबा," मी म्हणाले. फोन माझ्या खिशात होता. मी पुढचं रोप उपटलं.