लाकूड बोललं तो रविवार

माझा नवरा वेंडा गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता आणि तो हरून आला की माझं डोकं फिरायचं. आमच्या खाणगावात रीतच तशी. हरलेल्या मॅचचे सगळे मळके सदरे गोलकीपरने घरी न्यायचे. धुवायचे अर्थात त्याच्या बायकोने!

"गोल तू खायचे आणि हात मी सोलून घ्यायचे?"

"मग देवाला सांग, ओटिली," तो दात काढायचा.

आठवडाभर कोळशाच्या खाणीत, रविवारी गोलात. चौतीस सालची शेवटची मॅच नुसती बरोबरीत सुटली असती, तरी आमचा संघ वरच्या लीगमध्ये जाणार होता. गावाने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

पाऊस रिपरिपत होता, म्हणून आम्ही बायका पोरं घेऊन गोलमागच्या लाकडी गॅलरीत बसलो होतो. मॅच संपत आलेली, बरोबरी कायम. तेवढ्यात समोरचा गडी चेंडू घेऊन सुटला आणि वेंडाने चक्क त्याच्याकडे पाठ फिरवली.

"लाकूड बोलतंय! बाहेर!" वेंडा आमच्याकडे बघून ओरडला.

खाणीत छताखालचे लाकडी टेकू मोडण्याआधी कुरकुरतात. ही हाक आली की आमच्याकडे कुणी का म्हणून विचारत नाही. पोरं काखोटीला मारून आम्ही खाली धावलो. म्हाताऱ्या रुझेनाला वेंडाने खांद्यावर घेतलं. तिकडे रिकाम्या गोलात चेंडू शिरला आणि मॅच संपली.

गॅलरी मात्र ताठ उभी.

"काय रे, परत झोपलं वाटतं लाकूड?" आमचा कप्तान श्टेपान ओरडला. "वर्षभराची मेहनत मातीत घातलीस!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी मला खाली ठेव, मेल्या!" रुझेना करवादली.

त्याने तिला ठेवलं, आणि गॅलरी कडकडून बसली. आम्ही बसलो होतो त्या फळ्यांवर छपराची तुळई आडवी पडली.

मॅच हरली ती हरलीच. वेंडा मुकाट्याने सदऱ्यांचं गाठोडं घेऊन घरी आला. मी पाणी तापत ठेवलं, तोच दार वाजलं. श्टेपानची बायको होती.

"आमच्या ह्यांचा सदरा दे. मी धुते."

मग दुसरी आली, तिसरी आली. गाठोडं रिकामं होत गेलं. सगळ्यांत शेवटी काठी टेकत रुझेना.

"आजी, तुझं तर कुणी खेळत नाही!"

"वेंडाचा दे."

"तो नाही मिळायचा," मी म्हटलं, आणि सदरा छातीशी घट्ट धरला.