रॉकेट पार्टीचं राहिलेलं वाजवणं

विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तार गुंडाळून भरून देण्यात मानवतच्या वाल्मीकची हयात गेली. तांब्याची तार, वार्निशचा वास आणि दुकानापुढं पडलेल्या मोटारी, एवढाच ह्यांचा संसार, असं त्याची बायको सरजाबाई म्हणते, आणि खोटं म्हणत नाही. पंचाहत्तरी उलटली तरी गडी सकाळी दुकानात जाऊन बसतो आणि लेकाच्या कामात खोड्या काढतो. हा माणूस तरणेपणी तंग पँट घालून विजेवरची गिटार वाजवायचा असं कुणाला सांगितलं तर समोरचा आधी हसतो. हसू द्या. परभणीच्या उरसात, ताडकळसच्या बाजारात, मानवतच्या गणपतीत, चांगलं लोकांच्या तोंडावर वाजवलंय त्यानं.

त्याचं असं झालं. साल अडुसष्टच्या आसपास त्याचा दोस्त शिवशंकर सरकीचा ट्रक घेऊन सिकंदराबादला गेला. तिथं एका हॉटेलात चार पोरं विजेच्या गिटारी घेऊन असा काही दणका करत होती, की शिवशंकर ट्रक खाली करायचा विसरला. परत आला तो झपाटूनच. त्याच्या बापाचं मोंढ्यामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. बाप संध्याकाळी घरी गेला, की शिवशंकर दार ओढून घ्यायचा आणि वाल्मीकला त्या पोरांच्या नकला करून दाखवायचा. शेवटी वाल्मीक म्हणाला, नाचून काय उपयोग, गिटारच बनवू.

बनवली की. सागाच्या फळीतून कापून काढली. तारा तेवढ्या हैदराबादहून मागवल्या. तारांचा आवाज उचलायला लोहचुंबकावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळली, ते काम तर त्याच्या हातचंच होतं. आवाज मोठा करायला एका टुरिंग टॉकीजवाल्यानं टाकून दिलेला अँप्लिफायर आणला. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, पेटीएवढा. त्याला सगळे नुसतं डबा म्हणायचे. पेडगावचा बजरंग भजनात पखवाज बडवायचा, त्याला ड्रमवर बसवला. शिवशंकर गाणार. झाली रॉकेट पार्टी उभी.

इंग्रजी तिघांनाही येत नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही. शिवशंकर तोंडाला येईल ते म्हणायचा. गावांची नावं, ट्रकच्या पार्टांची नावं, हॉटेलातले पदार्थ. 'पाथरी, सेलू, जिंतूर, या या' असं एक कडवं होतं, त्यावर पोरं धुरळा उठेस्तोवर नाचायची. म्हातारी माणसं विचारायची, मांजराच्या शेपटीवर गाडीचं चाक गेलंय का रे? वाल्मीकला त्याचं काही वाटायचं नाही. बोट तारेवर पडलं आणि मोंढ्यापर्यंत आवाज गेला, की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. जन्मात पुन्हा तसं वाटलं नाही, असं तो सरळ सांगतो.

डब्याची मात्र एक खोड होती. चालू केला की लगेच बोलत नसे. व्हॉल्व्ह आधी लालसर व्हायचे, तापायचे, मग कुठं आवाज फुटायचा. आणि एकदा तापला की कुणी वाजवो न वाजवो, घूंऽ करत राहायचा. गॅरेजात ह्याची अडचण नव्हती. आल्या आल्या डबा चालू करायचा, बजरंग सायकलवरून येईस्तोवर तो तयार असायचा. ही खोड ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

वाल्मीकची धाकटी बहीण कोकिळा. तिचं लग्न ताडकळसच्या भागवतरावाशी ठरलं. लग्न मानवतला, दारातच. वाल्मीकनं हट्ट धरला, की माझ्या बहिणीच्या लग्नात भाड्याची वाजंत्री नको, रॉकेट पार्टीच वाजवील. बाप नाही म्हणत होता. आपल्याकडं शेवटच्या 'सावधान'ला वाजंत्री कडाडली पाहिजे, त्याच्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही, तिथं ह्या पोरांच्या भरवशावर कसं राहायचं? पण कोकिळाच मधे पडली. माझा दादाच वाजवील, म्हणाली. बापानं वाजंत्र्यांना नको म्हणून कळवलं. पार्टीनं गॅरेजात तालमी केल्या. ठरलं असं, की शेवटचं 'सावधान' झालं की आधी गिटारचा एक लांब सूर आणि मग त्याच्यावर ड्रम.

लग्नाच्या दिवशी डबा वेळेवर चालू केलेला होता. पण मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्याची घूंघूं मांडवभर ऐकू येऊ लागली. नवऱ्याकडचं एक वयस्कर माणूस खेकसलं, ते गुरगुरणं बंद करा आधी. सोयऱ्याचा शब्द. वाल्मीकनं घाबरून बटण बंद केलं. म्हणाला, शेवटच्याला लावू. आणि त्या पोराच्या डोक्यात, एवढा मोटारी भरणारा पोरगा, हे आलंच नाही, की डबा आता गार होणार.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट सरकला. अक्षता पडल्या. 'वाजवा रे' म्हणून कुणीतरी ओरडलं. वाल्मीकनं बटण दाबलं आणि तारेवर हात मारला. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. बजरंग दोन्ही काड्या वर धरून बसला होता. गिटारच्या आधी ड्रम वाजवायचा नाही असं त्याला बजावलेलं, आणि भजनातला माणूस तो, ठरलेलं मोडायचा नाही. सगळा मांडव गप्प. लहान पोरंसुद्धा गप्प. कोकिळानं हार हातात धरून भावाकडं पाहिलं. ती नजर वाल्मीक अजून विसरला नाही.

नवऱ्याची आई कमलबाई त्या शांततेत स्पष्ट म्हणाली, "मुकं लग्न लागलं गं बाई माझ्या लेकाचं."

तेवढ्यात व्हॉल्व्ह तापले. घाबरून सगळी बटणं पार शेवटाला फिरवून ठेवलेली, त्यामुळं असा काही आवाज फुटला की गाडीचे बैल दावं तोडून पळाले आणि अर्धं वऱ्हाड बैलांमागं पळालं. हे सांगताना आजही लोक पोट धरून हसतात. वाल्मीकही हसतो, पण त्या हसण्यात काही राम नसतो.

कारण पुढं कोकिळाच्या नशिबी जे आलं, ते हसण्यासारखं नव्हतं. कमलबाई वाईट बाई होती असं नाही, पण एकदा मनात घेतलं की सोडायची नाही. गाय मेली, लग्न मुकं लागलं ना. विहिरीला पाणी लागलं नाही, मुकं लग्न. पहिलं मूल उशिरा झालं, तेव्हा तर विचारूच नका. सासू गेली तरी शब्द गावात राहिला. ताडकळसला तिच्या वयाच्या बाया अजून कोकिळाला पाठीमागं 'मुकी नवरी' म्हणतात, आणि गंमत बघा, तोंड कसं चुरूचुरू चालतं तिचं. भागवतराव कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला नाही म्हणजे बाजूही घेतली नाही. लग्नाचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचा.

आणि कोकिळा? तिनं भावाला कधी बोल लावला नाही. दर दिवाळीला आली, ओवाळलं, जेवली. पण दादा वाजव ना, असं जे लहानपणापासून म्हणायची, ते त्या दिवसानंतर एकदाही म्हणाली नाही. वाल्मीकनं गिटार पोत्यात गुंडाळून डब्यासकट माळ्यावर टाकली. रॉकेट पार्टी मोडली. शिवशंकर ट्रक चालवत राहिला आणि मागच्या साली वारला. बजरंग पेडगावला परत भजनात बसला.

अन् यंदा कोकिळाच्या नातीचं, भक्तीचं लग्न निघालं. पत्रिका द्यायला कोकिळा स्वतः एसटीनं मानवतला आली. चहा पिऊन झाला, सरजाबाईशी बोलणं झालं, आणि जायला उठता उठता दारातच थांबली.

"दादा, भक्तीच्या लग्नात शेवटच्या 'सावधान'ला तू वाजवायचं."

वाल्मीकला वाटलं थट्टा करायली. म्हणाला, डीजे सांगितलाय ना तुमी. ती म्हणाली, डीजे मागून वाजू दे, रातभर वाजू दे. पहिला सूर तुझा. वाल्मीक म्हणाला, माझी बोटं आखडलीत, आणि वाजवायचंच तर पोरांकडं आता नवीन अँप्लिफायर मिळतात, बटण दाबलं की बोलतात. कोकिळा म्हणाली, "तोच डबा. जे वाजलं न्हाई तेच वाजवायचं हाय मला." आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेली.

त्या दिवसापासून वाल्मीकची झोप उडाली. पुन्हा तसंच झालं तर? भक्तीच्या गळ्यात तो शब्द पडला तर? म्हातारपणी बहिणीचा हा हट्ट, आणि न्हाई म्हणायला तोंड न्हाई. सरजाबाई म्हणाली, आवो, एवढी भीती वाटायलीय तर सांगा की तिला. त्यानं सांगितलं नाही. माळ्यावरून डबा काढला. दोन व्हॉल्व्ह गेलेले. परभणीला जुन्या रेडिओवाल्याकडं हेलपाटे घालून आणले. तारा बदलल्या. गरम पाण्यात बोटं बुडवून बुडवून एक सूर, फक्त एक लांब सूर, घासला. लेक म्हणायचा, अण्णा, गिऱ्हाईक पळायलेत.

पेडगावला जाऊन बजरंगाला भेटला. बजरंगाचे गुडघे गेलेत, हात अजून ठणठणीत. ऐकून तंबाखू मळता मळता म्हणाला, "ह्या टायमाला मी तुझी वाट न्हाई बघायचो. तुझं वाजो न वाजो, मी मारणार."

लग्न ताडकळसला, मंगल कार्यालयात. मुहूर्त दुपारचा, म्हणजे लागायला अजून उशीर, हे आलंच. वाल्मीकनं पोचल्या पोचल्या बजरंगाचा ड्रम मांडला आणि डबा लावला. नवरीला हळद लागायची होती तेव्हापासून डबा चालू. आल्यागेल्याचा पाय वायरीत अडकू नये म्हणून वायरीवर खुर्ची टाकून स्वतः बसला. लाइट गेली तर म्हणून जनरेटरवाल्याला दोनदा विचारून आला. लोकांना वाटलं म्हातारा डीजेवाल्याचा राखणदार आहे. एकानं येऊन त्याला गाण्याची फर्माईशही सांगितली.

मंगलाष्टकं सुरू झाली. आणि माइकपुढं उभ्या गुरुजींच्या आवाजाखाली घूंऽ असं सुरू झालं. गुरुजी थांबले, इकडं तिकडं पाहिलं, पुढं निघाले. दुसऱ्याला पुन्हा थांबले आणि बोटानं डब्याकडं खूण केली. बंद करा. नवरदेवाचा मामा लगबगीनं आला, अण्णा, तेवढं गुरगुरणं बंद करा, नंतर लावा. जवळजवळ तेच शब्द. पाहुण्यांचं मन मोडायचं नाही, ही सवय जन्माची. हात बटणाकडं गेला.

समोर, पहिल्या रांगेत उभ्या कोकिळानं ते पाहिलं. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "चालू र्‍हाऊ द्या ते. माझ्या घरचं हाय."

मामा मागं सरला. गुरुजींनी घसा खाकरला आणि घूंघूं धरूनच पुढचं म्हणायला लागले. खरं सांगायचं तर सूरही चांगला लागला त्यांचा.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट सरकला. वाल्मीकनं बोट टाकलं. सूर निघाला, लांब, जाड, थोडा खरखरीत, आणि कार्यालयाच्या पत्र्याला जाऊन भिडला. त्याच क्षणी बजरंगानं ड्रमवर काड्या आपटल्या. कोण आधी, कोण मागून, कुणाला कळलं नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अक्षता पडल्या. वाल्मीकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. सूर संपूच द्यावा वाटेना त्याला. शेवटी डीजेवाल्यानं वाट बघून बघून आपलं सुरू केलं.

सगळे नवरा-नवरीच्या भोवती गेले. कोकिळा उलट्या बाजूनं, खुर्च्यांतून वाट काढत डब्यापाशी आली. तिची मूठ अजून मिटलेली होती. अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या होत्या तिच्या. मूठ उघडली, तर तांदूळ घामानं भिजून हाताला चिकटले होते. तिनं ते खरवडून थोडे वाल्मीकच्या डोक्यावर टाकले, थोडे बजरंगाच्या, आणि थोडे गिटारवर.

मागून भागवतराव काठी टेकत आला. अलीकडं त्याला ऐकू कमी येतं, डीजे काय आणि शांतता काय, त्याला सारखंच. लग्नाचा विषय निघाला की गोठ्यात जाणारा तो माणूस बायकोच्या खांद्याला हात लावून म्हणाला,

"वाजलं का गं?"

कोकिळानं त्याच्या कानाला तोंड लावलं.

"वाजलं. आपलं बी वाजलं."